हात खिशात, तोंड बंद

दामल्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला, पेनाचं टोपण स्वतःच काढलं आणि म्हणाले, "सही करा, डॉक्टर. भावना बाजूला ठेवा."

मी टोपण परत लावलं आणि पेन त्यांच्याकडे सरकवलं. "भावना घरी ठेवूनच येते मी," म्हटलं. "सही करणार नाही."

काही वर्षांपूर्वीची ही गोष्ट. विश्रांतवाडीच्या पुढे, आळंदी रोडला आतल्या बाजूला एका ट्रस्टचं प्राण्यांचं शेल्टर आहे. टाकून दिलेली, जखमी झालेली, पोलिसांनी सोडवून आणलेली जनावरं तिथे येतात. मी तिथली व्हेट. दामले ट्रस्टचे सेक्रेटरी. कंपनीतून मॅनेजर म्हणून रिटायर झालेले, कोथरूडहून शिस्तीत स्कूटरवर येणारे. माणूस सरळ, पण समोरच्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत ते दुरुस्त करणारा. त्या कागदावर असं लिहिलं होतं की शेल्टरमधली पांढरी घोडी बरी होण्यासारखी नाही, शिवाय माणसांना तिच्यापासून धोका आहे, सबब तिला इंजेक्शन देऊन मरण द्यावं. असं काही करायचं तर व्हेटची सही लागते. एरवी माझं मत कोणाला हवं होतं अशातला भाग नाही.

दामल्यांची बाजू खोटी नव्हती, हे आधीच सांगून टाकते. आदल्या दिवशी बबनराव जखमी झाले होते. बबनराव म्हणजे आमच्याकडे जनावरं सांभाळणारे गृहस्थ. मूळचे धानोरीचे. गावाचं शहर झालं, जमीन बिल्डरकडे गेली, गोठा गेला, पण गोठ्याची ओढ गेली नाही, म्हणून आमच्याकडे आले. ते घोडीला म्होरकी घालायला गेले होते. म्होरकी म्हणजे जनावराला धरता यावं म्हणून तोंडावर चढवतात ती दोरी. घोडी मागच्या दोन पायांवर उभी राहिली आणि खाली येताना तिचा पाय त्यांच्या खांद्यावर बसला. हाड मोडलं.

"उद्या हाच पाय डोक्यावर पडला," दामले म्हणाले, "तर त्यांच्या बायकोला आपण काय सांगणार आहात?"

उत्तर नसलं की मला जास्तच चेव येतो. मी म्हटलं, दुसरा डॉक्टर आणा, त्याची सही घ्या. ते म्हणाले, पुढच्या मीटिंगला आणतो. मग मी सांगून टाकलं की तोवर घोडीपाशी माझ्याशिवाय कोणी जायचं नाही आणि तिच्या पायाचं ड्रेसिंग मी करीन. कसं करणार, असं त्यांनी विचारलं. माझं मी बघते, म्हटलं. कसं करणार ते मला मुळीच माहीत नव्हतं. रागाच्या भरात बोलायचं आणि मग निस्तरत बसायचं, हा माझा जुना धंदा.

घोडी नुकरा होती. पांढरे केस, खाली गुलाबी कातडी, फिकट डोळे, अशा घोड्याला नुकरा म्हणतात आणि वरातीला तोच लागतो. लग्नसराई संपत आली तेव्हा ती लंगडायला लागली. मालकाने तिला रस्त्याच्या कडेला बांधली आणि तो गेला. पोलिसांनी आमच्याकडे आणून सोडली. ओठांचे दोन्ही कोपरे फाटून भरलेले, पुन्हा फाटून भरलेले. ते काटेरी लगामाचं काम. असा लगाम कायद्याने बंद आहे, पण कायदा वरातीत कोण बघतो? नडग्यांवर जुने वळ होते. पुढच्या उजव्या खुरात पू झाला होता. खूर म्हणजे घोड्याचं नखच, मोठं आणि जाड. आत पू झाला की त्याला फुगायला जागा नसते, त्यामुळे कळ मस्तकात जाते. आल्या दिवशी आम्ही तिला भूल देऊन खूर कोरला आणि पू काढला. पण त्यानंतर पाय रोज मिठाच्या गरम पाण्यात बुडवून बांधावा लागतो. रोज भूल देता येत नाही. पाय बांधला नाही तर पू वर चढतो, आणि मग दामल्यांचा कागद खरा ठरतो.

तर बबनराव पडले ते मी कुंपणाबाहेरून पाहिलं होतं आणि त्यातलं काहीतरी मला खटकत होतं. घोडा हल्ला करतो तेव्हा कान मागे चिकटवतो, मान पुढे काढतो, दात दाखवतो. ही उभी राहिली तेव्हा तिचे कान पुढे होते. हनुवटी छातीशी, पुढचे पाय व्यवस्थित दुमडलेले. बबनरावांनी तोंड वाचवायला हात वर केला तशी ती आणखी वर गेली. ते पडले, त्यांचा हात खाली आला, त्याबरोबर तीही खाली आली आणि त्यांच्या शेजारी दुखरा पाय उचलून थरथरत उभी राहिली. पिसाळलेल्या घोड्याने त्यांना तुडवलं असतं.

बबनराव दवाखान्यात जाता जाताही तिचीच बाजू घेत होते. "येडी हाय ती, डॉक्टर. पर मनानं वाईट न्हाई." वेडी म्हणजे नेमकं काय, ते मला कळत नव्हतं.

कळलं ते माझ्याच गल्लीत. मी कसबा पेठेत राहते. त्याच आठवड्यात घरी जाताना एका वरातीने रस्ता अडवला. स्कूटर बंद करून उभी राहिले, दुसरा इलाज नव्हता. पुढे बँड, मागे पांढरी घोडी, तिच्यावर घामाने डबडबलेला नवरदेव. एरवी वरात आली की मी नवरदेव बघते, मग साड्या. त्या दिवशी घोडेवाल्याकडे बघितलं. त्याने जिभेने टाळूवर टॉक टॉक असा आवाज काढला आणि काठीचा हात वर केला. घोडी मागच्या पायांवर उभी राहिली. कान पुढे, हनुवटी छातीशी, पाय दुमडलेले. नवरदेवाने आयाळ घट्ट धरली. हात खाली आला, घोडी खाली आली. मग त्याने काठी तिच्या नडगीवर टेकवली, तशी ती पाय आपटून नाचायला लागली. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

टॉक टॉक. आपण जनावराला चुचकारतो तेव्हा हाच आवाज काढतो. कोणी शिकवत नाही, आपोआप तोंडातून येतो. बबनराव तर घोडीच्या जवळ जाताना अखंड तोच आवाज काढायचे, मायेने. म्होरकी घालायची तर हात मानेवरून पलीकडे टाकावा लागतो, म्हणजे हात वर जातो. पाय उचलायला लावायचा तर नडगीवर थोपटतात. आम्ही सगळे तिच्याशी जास्तीत जास्त प्रेमाने वागत होतो, आणि त्यातली प्रत्येक गोष्ट तिच्यासाठी नाचायचा हुकूम होती. ती तो पाळत होती. दुखऱ्या पायावर पाळत होती, कारण नाही पाळला की काय होतं ते तिच्या नडग्यांवर उमटलेलं होतं. आणि हुकूम पाळला म्हणून तिच्या मरणाचा कागद टाइप झाला होता.

मी तिथूनच, रस्त्यात उभ्या उभ्या, दामल्यांना फोन लावला. बँडच्या आवाजात ओरडून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"थिअरी चांगली आहे," ते म्हणाले. "घोडीला मान्य आहे का तेवढं बघा."

दुसऱ्या दिवशी मी शेल्टरमध्ये नियम लावला. घोडीच्या आवारात जायचं तर हात खिशात, तोंड बंद. मी स्वतः ॲप्रनच्या खिशात दोन्ही हात घातले, आत गेले, एक बादली उपडी टाकली आणि घोडीकडे पाठ करून बादलीवर बसले. मागे परातीत गाजराचे तुकडे ठेवले. घोडी लांबच्या कोपऱ्यात गेली आणि तिथेच राहिली. मी काही केलं नाही. काही न करणं हे किती मोठं काम आहे ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. मान अवघडते, माशा बसतात, आणि पाठीमागे एवढं मोठं जनावर आहे हे पाठीला सारखं जाणवत राहतं. दामले कुंपणापाशी येऊन उभे राहिले. "ड्रेसिंग चालू आहे वाटतं," म्हणाले. मी उत्तर दिलं नाही, कारण तोंड बंद ठेवायचा नियम मीच केलेला.

सुरुवातीला ती मी उठून गेल्यावर गाजर खायची; ड्रेसिंग जमेपर्यंत पू आवरायचं औषध मी त्यातूनच देत होते. मग मी बसलेली असतानाच, पण मान लांब करून. मग एका दुपारी माझ्या मानेवर गरम वाफ आली. ती माझ्या केसांचा वास घेत होती. मला इतका आनंद झाला की वळून तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पडले नाही. हात खिशात घट्ट मुठी करून बसले.

म्होरकीचा प्रश्न असा सोडवला. कसब्यात पट्टे शिवणाऱ्या एका दुकानातून मी म्होरकीचा पट्टा बदलून घेतला. तो कानामागे ओढावा लागू नये, गळ्याखालून फिरवून बाजूला अडकवता यावा. मग म्होरकी गुडघ्यांशी पसरून धरायची आणि पलीकडे गाजराची परात. गाजर हवं असेल तर तिने आपलं नाक म्होरकीतून घालायचं. तिने दोन दिवस विचार केला आणि घातलं. पायाला थोपटायचं नाही. तळहात खांद्यावर टेकवायचा आणि अजिबात न उचलता हळूहळू खाली न्यायचा, खुरापर्यंत. पहिल्यांदा पाय माझ्या हातात आला तेव्हा तिचं सगळं अंग कापत होतं, पण तिने पाय काढून घेतला नाही.

खुराला बांधायला लहान मुलांच्या डायपरसारखं दुसरं काही नाही. ओल शोषून घेतो आणि वरून चिकटपट्टी लावली की घट्ट बसतो. विश्रांतवाडीच्या मेडिकलवाल्याने साइझ काढायला बाळाचं वजन विचारलं. मी साडेतीनशे किलो सांगितलं. त्याने चेहरा न हलवता सर्वांत मोठा पॅक काउंटरवर ठेवला.

ड्रेसिंग रोज होऊ लागलं. आता जमलं, असं मला वाटायला लागलं, आणि तिथेच गाडी अडली.

बबनराव गळ्यात हात अडकवून भेटायला आले. मी त्यांना फोनवर सगळं समजावलं होतं. पण ते आले तेव्हा घोडी माझ्या गुडघ्यापाशी मान घालून गाजर खात होती. आजवर त्यांना जे साधलं नव्हतं ते समोर दिसत होतं. माणूस हरखून गेला, आणि सवयीने त्यांच्या तोंडून निघालंच. टॉक टॉक.

घोडी उभी राहिली. थेट माझ्यावर. मी बादलीवर बसलेली, वर तिचं पोट आणि दुमडलेले दोन पाय. अशा वेळी आपले हात आपल्याला विचारत नाहीत, ते डोक्याकडे जातात. आणि हात वर गेला असता तर ती आणखी वर गेली असती, आणि तिच्या लेखी मीही काठीवाल्यांतलीच झाले असते. मी हात खिशातून काढले नाहीत. धाडस वगैरे काही नव्हतं त्यात. मी प्रचंड घाबरले होते आणि त्याहून जास्त मला संताप आला होता. बबनरावांवर नाही. ज्याला मी कधी पाहिलं नव्हतं त्या घोडेवाल्यावर, आणि शिट्ट्या मारणाऱ्या सगळ्यांवर. मनात एकच होतं की त्याने हिला जे शिकवलं ते मी आज माझ्या हाताने पुरं करणार नाही.

ती बादलीच्या बाजूला खाली आली. आणि मग मान खाली घालून वाट बघत राहिली. काठीची. मी तशीच बसून राहिले. काठी आली नाही. बऱ्याच वेळाने तिने नाक माझ्या ॲप्रनच्या खिशाला लावलं. आत हात होता, तो मी बाहेर काढला नाही. तिने खिसा चाटला.

कुंपणापाशी बबनराव रडत होते. "म्हंजी मीच उभं करत व्हतो की तिला," ते म्हणाले. "रोज. माझ्याच त्वांडानं."

मी बाहेर येऊन त्यांना म्हटलं, तुम्ही एकटे नाही, आपण सगळेच.

मीटिंगच्या दिवशी दामले दुसऱ्या डॉक्टरांना घेऊन आले. घोड्यांचं बरंच काम केलेला, कमी बोलणारा माणूस होता. त्यांनी कुंपणाबाहेरून माझं ड्रेसिंग बघितलं, खूर बघितला आणि पाय सुधारतो आहे असं सांगितलं. म्हणजे कागदातलं अर्धं वाक्य गेलं. उरलं होतं ते माणसांना धोका.

"आपलं म्हणणं असं आहे की ती हुकूम पाळते," दामले म्हणाले. "ठीक. मग द्या हुकूम. हात वर करा, ती उभी राहू दे. हात खाली करा, खाली येऊ दे. सगळ्यांच्या समोर सिद्ध होईल, विषय संपेल."

मागणी रास्त होती. मिनिटभराचं काम होतं, आणि घोडीचा जीव वाचला असता. दुसरे डॉक्टरही माझ्याकडे बघत होते.

"नाही," मी म्हटलं.

"का?"

"त्या हुकुमानंतर तिने आजवर मार खाल्लाय. माझ्याकडून तो हुकूम येत नाही, एवढ्याच एका गोष्टीवर ती मला पाय देते. तुमची खात्री पटवायला मी ते मोडणार नाही. माझ्या जागी दुसरा व्हेट हवा असेल तर तो आणा, मी आज जाते."

"मग आमची खात्री कशी पटायची?"

"आत या. हात खिशात, तोंड बंद, घोडीकडे पाठ. मी म्हणेन तोवर."

मी हे चिडून बोलले होते. दामले खरंच जातील असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, घोडीकडे बघितलं, कुंपणापाशी उभ्या असलेल्या बबनरावांच्या गळ्यातल्या हाताकडे बघितलं. मग स्कूटरची किल्ली दुसऱ्या डॉक्टरांच्या हातात दिली आणि आत गेले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हात पँटच्या खिशात. बादलीवर बसले नाहीत, उभेच राहिले. सत्तरीच्या माणसाला एवढं जनावर पाठीशी घेऊन उभं राहायला काय लागतं, ते मला माहीत होतं. त्यांचे कान लाल झाले होते. पण हात बाहेर आले नाहीत, आणि कोणाला काही दुरुस्त न करता ते इतका वेळ गप्प राहिलेले मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिले.

घोडी आली. त्यांच्या कॉलरचा वास घेतला. खांद्यावर हनुवटी टेकवली आणि तिथेच ठेवली. तोंडात अर्धवट चावलेलं गाजर होतं. केशरी लाळेचा ओघळ शर्टावरून खिशातल्या पेनापर्यंत आला. दामल्यांनी डोळे मिटून घेतले. त्या मिनिटाला त्यांच्याबद्दल माझ्या मनात जो राग होता तो गेला, हे मान्य करायला हवं.

मी सांगितल्यावर ते बाहेर आले. त्यांनी रुमालाने खांदा पुसायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला.

"लाळ फार आहे," ते म्हणाले. "पुढच्या वेळी जुना शर्ट घालून येईन."

तो कागद परत माझ्यासमोर आला नाही.

पाय बरा झाला. थोडी लंगड राहिली, ती राहणारच. तिच्यावर कोणी बसत नाही. रविवारी लोक बघायला येतात आणि घोडी दिसली की फोटोसाठी मोबाइलचा हात वर करतात. म्हणून दामले रविवारी कुंपणापाशी उभे असतात आणि येणाऱ्या प्रत्येकाला हात खिशात घालायला लावतात. खिसा नसेल तर मागे बांधायला लावतात. लोक चिडतात. दामल्यांना त्याने काही फरक पडत नाही, उलट मजा येते असा मला संशय आहे. बबनराव घोडीच्या जवळ गेले की ओठ मिटून घेतात. त्यांचं सगळं बोलणं आता शेजारच्या म्हशीशी चालतं. लग्नसराईत रस्त्यावर बँड वाजला की घोडीचे कान उभे राहतात, मान आखडते, आणि आम्ही सगळे हातातलं काम टाकून खिशात हात घालतो. अजूनपर्यंत तिचे चारही पाय जमिनीवर राहिले आहेत.

माझ्याकडे लोक कुत्री आणतात, मांजरं आणतात, कधी बैल आणतात. तक्रार बहुतेक वेळा एकच असते, ऐकत नाही. मी तपासायच्या आधी त्यांना विचारते, तुम्ही त्याला काय सांगितलंत? मग तेच विचारात पडतात.